आधी यादी, मग अर्ज

उल्हास नदीच्या एका काठाला कर्जत आणि दुसऱ्या काठाला दहिवली. आज दोन्ही एकाच नगरपरिषदेत आहेत, पण सातबाऱ्यावर गावाचं नाव 'दहिवली तर्फे नीड' असंच येतं. तर्फ हा जुन्या महसुली कारभारातला परगण्याखालचा विभाग. तो कारभार कधीच संपला, पण शब्द सातबाऱ्याला चिकटून राहिला. कागदांचंही तसंच आहे. कर्जत-खालापूरच्या जुन्या घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतले बंद, लाल कापडात बांधलेल्या पोथ्या आणि दुकानाच्या रोजमेळाच्या वह्या अजून असतात. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, वाळवी आणि कसर त्यांना दरवर्षी थोडंथोडं खात असते.

हे वाचवायचं, स्कॅन करून ठेवायचं, तर पैसे कुठून मिळतील, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. आपल्याकडे नेमकं काय आहे, हा पहिला. अनुदान देणाऱ्या प्रत्येक संस्थेची वस्तूची व्याख्या वेगळी असते, आणि आपलं कपाट त्यातल्या एकाच व्याख्येत सहसा मावत नाही. 'जुने दुर्मीळ कागद आहेत, मदत करावी' एवढंच लिहिलेला अर्ज कोणत्याच टेबलावर बसत नाही, म्हणून परत येतो. कपाटाचे भाग पाडले की प्रत्येक भागाला स्वतःचं दार सापडतं.

उदाहरणादाखल दहिवलीतल्या एका लहान वाचनालयाचं कपाट डोळ्यांसमोर आणू या. त्यात गावातल्या दोन-तीन घरांनी सांभाळायला दिलेले मोडी कागदांचे तीन रुमाल आहेत, सुटे अडीच हजार कागद धरा. दहा-बारा हस्तलिखित पोथ्या आहेत. 1950 च्या आधी छापलेली काही पुस्तकं, लग्नाकार्यांचे आणि शाळेचे जुने फोटो आहेत, आणि सर्वांत खालच्या खणात ठाकर आणि कातकरी गाण्यांच्या ध्वनिफिती आहेत. मोडीच्या 4,000 प्रतिमा, पोथ्यांच्या 1,500, पुस्तकांच्या 4,000 आणि फोटोंच्या 500 धरल्या तर 10,000 प्रतिमांचं काम होतं. ध्वनिफितींचा हिशेब वेगळा.

यादी करायला दिवाळीनंतरचे कोरडे आठवडे घ्यावेत. जून ते सप्टेंबर कर्जतला बस्ता सोडूच नये. दमट हवेत उघडलेला कागद पुन्हा बांधला की बुरशी आत कोंडली जाते. साधी रेघांची वही पुरे. अनुक्रमांक, वस्तू काय आहे, कोणाकडून आली, लिपी आणि भाषा, कागदावरचा काळ, पानं, आकार, आणि अवस्था. अवस्थेच्या रकान्यात 'खराब' लिहू नये. 'डावी कड कसरीने खाल्ली, अक्षर शाबूत' असं लिहावं. निधी देणाऱ्याला धोक्याची जात कळली पाहिजे. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि उन्हात वाळवणं या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. यादी करताना उत्साहाच्या भरात हेच घडतं, आणि मग झालेलं नुकसान भरून येत नाही.

आमच्या भागापुरती एक खबरदारी. एकोणिसाव्या शतकात कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. त्या शतकाच्या अखेरीला तो कुलाब्याला जोडला गेला, आणि 1981 मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. त्यामुळे जुन्या कागदावर 'जिल्हा ठाणे' दिसलं म्हणून तो परगावचा समजून बाजूला टाकू नये. याच गावाशी जोडलेले आणखी कागद सरकारी दप्तरात शोधायचे असतील, तर ठाण्याच्या नावाखालीही पाहावं लागतं. अर्जात हा इतिहास दोन ओळींत लिहिला, की वाचणाऱ्याला अर्जदार आपलं दप्तर जाणतो हे लगेच दिसतं.

यादीत आणखी एक रकाना लागतो, संमतीचा. इथे घाई करू नये. मुंबईच्या जवळ असल्यामुळे कर्जत-खालापुरात जमिनीला भाव आला आहे, आणि ट्रंकेतले निम्मे कागद जमिनीचे असतात: इनामाचे, वाटणीचे, कुळांचे. 'स्कॅन करतो' म्हटलं की घरातले मोठे गप्प होतात. त्यांची भीती खोटी नाही. म्हणून मूळ कागद घराच्याच मालकीचे राहतील, कोणत्या प्रती जगाला दिसतील आणि कोणत्या नुसत्या जपल्या जातील हे घर ठरवेल, असं साध्या मराठीत लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. निधी देणारेही हे पत्र मागतातच.

आता अर्जदार कोण, ते पाहू. घराला किंवा हौशी मंडळाला मोठं अनुदान क्वचितच मिळतं. बहुतेक ठिकाणी संस्था नोंदलेली लागते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडे वेळच्या वेळी दिलेले अहवाल, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, आणि आयकर खात्याची 12ए आणि 80जी या नावांनी ओळखली जाणारी मान्यता. हे सगळं एका फायलीत लागतं. ज्या वाचनालयाची घटना सापडत नाही किंवा विश्वस्तांमधले बदल नोंदवायचे राहिलेत, त्याने एक वर्ष त्यावरच घालवावं. ते वर्ष फुकट जात नाही. तेवढं शक्य नसेल तर तालुक्यातलं महाविद्यालय किंवा पुण्यातली एखादी संशोधन संस्था मुख्य अर्जदार होते आणि दहिवलीचं वाचनालय भागीदार राहतं.

पहिलं दार पोथ्यांचं. केंद्र सरकारने 2003 मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केलं. 2025 च्या अर्थसंकल्पात त्याच्या जागी ज्ञान भारतम् अभियान आलं, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन हे उद्दिष्ट ठरलं, आणि वर्षाची तरतूद साडेतीन कोटींवरून 60 कोटींवर गेली. पैसा वाढला, पण व्याख्या नीट वाचावी लागते. कागद, ताडपत्र, भूर्जपत्र, कापड किंवा धातूवर हाताने लिहिलेली, किमान 75 वर्षं जुनी आणि ज्ञानाच्या, इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीने मोलाची रचना म्हणजे हस्तलिखित. छापील पुस्तक त्यात येत नाही, शिळाप्रेसवरची पोथीही येत नाही. ही शेवटची अट आपल्याकडे फार जणांना अडवते. मुंबई-पुण्याच्या शिळाप्रेसांनी काढलेल्या पोथ्या आडव्या पानांच्या असतात, अक्षर हाताचं वाटतं, आणि घरात त्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'हस्तलिखित' म्हणतात. शेवटचं पान उलटून छापखान्याचं नाव आहे का, ते बघावं. पोथ्या दहाबाराच असतील तर स्वतंत्र प्रकल्प मागण्यापेक्षा या अभियानाशी जोडलेल्या जवळच्या केंद्राकडे नोंद करून त्यांच्याकडूनच स्कॅन करून घ्यावं. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था या क्षेत्रात 1917 पासून उभी आहे. तिथल्या माणसांनी आपल्या पोथ्या एकदा पाहिल्या तरी त्यांचं मोल नेमकं कळतं.

मोडी रुमालांचं दार निराळं आहे. जमिनीचे, वसुलीचे, व्यवहाराचे कागद या व्याख्येने हस्तलिखित ठरत नाहीत. ते दप्तर, म्हणजे अभिलेख. त्यांच्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अर्थसाहाय्य योजना पाहावी. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना दुरुस्ती, सूची आणि डिजिटायझेशनसाठी ती मदत करते. खर्चाचा काही वाटा संस्थेला स्वतः उचलावा लागतो, म्हणून अर्जाआधीच गावातून तेवढी वर्गणी जमवून बँकेत दाखवता आली पाहिजे. गावाने स्वतःचे पैसे घातलेत, ही गोष्ट पुढे प्रत्येक दारावर उपयोगी पडते.

या कागदांचं मोल काय, असं समितीतले लोक विचारतात तेव्हा मला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आठवतात. गावोगाव फिरून त्यांनी घराघरांतली दप्तरं उघडली, आणि 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. पुढे असे 22 खंड झाले. 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही याच ध्यासातून. पानिपताच्या मोहिमेबद्दल आज आपण पत्रांच्या आधाराने बोलतो, कारण कोणाच्या तरी घरात ती पत्रं शिल्लक होती आणि ती वाचायला कोणीतरी गेलं. दहिवलीच्या रुमालात पानिपत नसेल. पण कोणत्या साली उल्हासचं पाणी कुठवर चढलं, भाताला काय दर मिळाला, कोणत्या वाडीने वेठीला नकार दिला, हे फक्त तिथेच असू शकतं. अर्जात 'राष्ट्रीय महत्त्व' असे मोठे शब्द घालण्यापेक्षा एक कागद वाचून त्यात काय आहे ते सांगावं.

छापील पुस्तकांकडे वळताना आधी एक आठवडा शोधावर घालवावा, कारण आपलं पुस्तक कोणीतरी आधीच स्कॅन केलेलं असू शकतं. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने 1893 मध्ये सुरू झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच रेल्वेमार्गावर आहे, आणि त्याने जुनी दुर्मीळ पुस्तकं संगणकावर आणून वाचायला खुली केली आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय, मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट आर्काइव्ह इथेही पाहावं. जे मिळेल ते यादीतून वजा करावं. उरलेल्यांचा स्वामित्वहक्क तपासावा. भारतीय कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, आणि ही वर्षं पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2011 पासून खुलं आहे. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, त्यांच्यासाठी 2029 चं वर्ष सरावं लागेल. खासगी पत्राचा हक्क ते ज्याला आलं त्याचा नसतो, ज्याने लिहिलं त्याच्या वारसांचा असतो, हेही विसरू नये.

वाचनालयाचं नेहमीचं परिरक्षण अनुदान या कामाला पुरत नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या ग्रंथालयांत 'ड' वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. 2022 मध्ये 60 टक्के वाढ मंजूर झाल्यावर ते 48 हजार झाले. त्यात ग्रंथपाल, वर्तमानपत्रं, पुस्तकं, वीज सगळं आलं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना वेगळ्या आहेत. 1972 पासून हे प्रतिष्ठान सार्वजनिक ग्रंथालयांना इमारत, साधनसामग्री, ग्रंथखरेदी यांसाठी मदत देतं, आणि अर्ज राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. कपाटं, संगणक, दमटपणा रोखणारी खोली यांसाठी हे दार योग्य. स्कॅनिंगचा पगार इथे मागू नये.

ध्वनिफितींकडे लोक शेवटी पाहतात, खरं तर त्याच सर्वांत आधी मरतात. कागद बुरशीसकट शंभर वर्षं निघतो. फितीवरचा आवाज काही दशकांतच झडू लागतो आणि ती वाजवणारं यंत्रही मिळेनासं होतं. कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे. त्यांची गाणी, गोष्टी, औषधांची नावं कागदावर जवळजवळ नाहीतच. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि संगीत नाटक अकादमीमार्फत चालणारी अमूर्त वारशाची केंद्रीय योजना या दोन ठिकाणी विचारावं. आणि गाणाऱ्यांची संमती इथेही तितकीच लागते. 2023 च्या जुलैत खालापुरातली इर्शाळवाडी एका रात्रीत दरडीखाली गेली. माणसं गेली, त्यापुढे बाकी सगळं लहान आहे. पण वाडी जाते तेव्हा तिची गाणी माहीत असलेले गळेही जातात, हे या तालुक्यांना सांगावं लागत नाही.

कारखान्यांचं दार तुलनेने जवळचं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि परिशिष्ट 7 मध्ये राष्ट्रीय वारसा, कला आणि सार्वजनिक ग्रंथालयं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही तोच कायदा म्हणतो. खोपोली, पाताळगंगा, रसायनी इथल्या कंपन्यांकडे जाताना हे कलम हाताशी असावं. संस्थेने मात्र आधी सीएसआर-1 हा नमुना भरून क्रमांक घेतलेला असला पाहिजे. मार्चमध्ये धावत गेलं तर वर्षाचा पैसा वाटून झालेला असतो. पुढच्या वर्षाचा विचार चालू होतो तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात, भेटावं. भेटीला वीस पानी प्रस्ताव नको. यादी, खर्चाचं एक पान आणि कसरीने खाल्लेल्या एका कागदाचा स्वच्छ फोटो एवढं पुरतं.

परदेशी निधीत दोन नावं महत्त्वाची आहेत. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा कार्यक्रम 2004 पासून आर्केडिया या निधीच्या पैशावर चालतो. पाहणीच्या छोट्या प्रकल्पाला 15 हजार पौंडांपर्यंत आणि मोठ्याला दीड लाख पौंडांपर्यंत अशा त्याच्या मर्यादा राहिल्या आहेत; ताजे आकडे त्या वर्षीच्या सूचनेत पाहावेत. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, सामग्री गावात राहते, प्रती स्थानिक संस्थेत आणि लंडनला राहतात. विसाव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या साहित्यासाठी, म्हणजे आपले फोटो आणि फिती यांच्यासाठी, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा तसाच कार्यक्रम आहे, तोही आर्केडियाच्याच मदतीने. दोन्हीकडे आधी छोटा प्राथमिक अर्ज असतो. पहिल्या खेपेला पाहणीचाच प्रकल्प मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून पक्की यादी होते आणि मोठ्या अर्जाला पाया मिळतो.

पण परदेशी पैसा घेण्याआधी 2010 चा विदेशी योगदान कायदा समजून घ्यावा. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मुख्य कामावर 15 लाख रुपये खर्च केलेली लागते. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. याचा दहिवलीसाठी अर्थ असा की, पुण्याच्या संस्थेला अनुदान मिळालं तरी ती वाचनालयाच्या खात्यात रक्कम वळवू शकत नाही. तिने स्वतः माणसं नेमायची, स्वतः पगार द्यायचे, आणि काम मात्र दहिवलीत करायचं. भागीदारीचा करार पहिल्यापासून तसाच लिहावा. परदेशातल्या नातलगांच्या देणगीचाही प्रश्न येतो. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान धरत नाहीत. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर धरतात, मग त्याचं मन कितीही कर्जतला असो.

खर्चाच्या अंदाजात बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी चुकतात. स्कॅनिंगचा दर लिहितात आणि थांबतात. आपल्या कपाटाचा हिशेब करून पाहू. जुना कागद हलक्या हाताने उलगडत, पुसत, कॅमेऱ्याखाली ठेवत दोन माणसं दिवसाला 300 प्रतिमा घेतील असं धरलं, तर 10,000 प्रतिमांना 34 दिवस. आता मोडीची सूची. एक कागद वाचून कोणाचा, कोणाला, कशाबद्दल, कधीचा एवढं लिहायला वेळ लागतो. जाणकार दिवसाला 20 कागद करेल. अडीच हजार कागदांना 125 दिवस. म्हणजे सूचीला स्कॅनिंगच्या जवळजवळ चौपट वेळ लागतो, आणि सूचीशिवाय स्कॅन म्हणजे काळोखात ठेवलेली ट्रंकच. मोडी वाचणारा हा अर्जातला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे. त्याचा मेहनताना पहिल्या ओळीत असावा. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग चालवतो. गावातल्या दोन पदवीधरांना तिथे पाठवण्याचा खर्चही मागता येतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. ए-4 आकाराचं एक पान इंचाला 400 ठिपके घेऊन रंगीत, न दाबलेल्या फाइलीत ठेवलं तर साधारण 46 एमबी होतं. दहा हजारांना 460 जीबी, तीन प्रतींना सुमारे 1.4 टीबी. हार्ड डिस्क आज महाग नाही. ती दरवर्षी उघडून तपासणारा आणि काही वर्षांनी बदलणारा माणूस ठरवणं कठीण. तीनपैकी एकच प्रत नदीकाठी असावी. 26 जुलै 2005 आणि पुन्हा 2019 चा जुलै, उल्हासने काय केलं ते आपण पाहिलं आहे. दुसरी प्रत पुण्यातल्या भागीदाराकडे आणि तिसरी इंटरनेटवर, घराने परवानगी दिली असेल तेवढीच.

मंजुरी आली की रक्कम हप्त्यांनी येते. सरकारी हप्त्यासाठी पीएफएमएस प्रणालीत खातं नोंदवावं लागतं आणि खर्च झाल्यावर जीएफआर 12-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. प्रकल्पाचं वेगळं बँक खातं आणि पावत्यांची वेगळी फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी. नकार आला तर कारण विचारावं. यादी तीच राहते, दार बदलतं.

माझ्या मते अंदाजपत्रकात आणखी एक छोटी ओळ हवी: ज्या घराने कागद दिले, त्या घरासाठी छापील प्रत आणि सोबत मोडीचं देवनागरी लिप्यंतर. प्रत्येक घरामागे काही शे रुपयांची ही ओळ असते, आणि काटछाट करताना तीच आधी जाते. ती राखावी. मोडी वाचता न येणाऱ्या दोन पिढ्यांनी तो रुमाल न उघडता सांभाळलेला असतो. आपल्या पणजोबांनी नदीपलीकडच्या खाचराबद्दल काय लिहिलं होतं, ते त्यांना त्याच घराच्या ओटीवर बसून वाचता आलं पाहिजे.